मुंग्या, धडधड, गॅस

एसटी स्टँडच्या मागची गल्ली. सांगली-सोलापूर पट्ट्यातलं तालुक्याचं गाव, एप्रिल महिना, आठवडी बाजाराचा दिवस. कोपऱ्यावरच्या कांडपात मिरची कुटणं चालू आहे, तिचा ठसका गल्लीभर पसरलाय. मोटारसायकली गटाराच्या काठापर्यंत लावलेल्या. हँडलांना पिशव्या, एका पिशवीतून कोंबडीचं डोकं बाहेर. दवाखान्याची पाटी जुनी आहे. डॉक्टरांच्या नावातलं एक अक्षर उडालंय, पण पाटी वाचून इथं कुणी येत नाही. पायऱ्यांवर चपलांचा ढीग दिसला की दवाखाना उघडलाय हे कळतं.

आत पत्र्याची शेड. तिच्याखाली सिमेंटचे दोन कट्टे आणि एक लाकडी बाक. सावली आहे, गारवा नाही. कूलरमधलं पाणी संपलंय, तो नुसतीच गरम हवा फेकतोय. भिंतीवर लसीकरणाचा तक्ता, औषध कंपनीचं कॅलेंडर, त्यावर बालाजी. शेजारी हाताने लिहिलेला कागद : ‘सुट्टे पैसे द्यावेत. नंबरावरून भांडू नये.’

नंबर म्हणजे प्लॅस्टिकचे गोल बिल्ले. छोट्या खिडकीतून सिस्टर ते देते. ती नर्सिंग शिकलेली नाही. बारावीनंतर इथं आली, त्याला वीसेक वर्षं झाली, आणि आता सारं गाव तिला सिस्टर म्हणतं. बिल्ला देता देता ती केसपेपर शोधते, एकाला वजनकाट्यावर उभं करते, फोनवर दुसऱ्याला ‘आज गर्दी हाय, संध्याकाळच्याला या’ म्हणून सांगते. केसपेपर माणसावार नाहीत, घरावार आहेत. एका घराचं एक जाड पाकीट. आजोबांचा दमा, सुनेची बाळंतपणं, नातवाच्या कांजिण्या, सगळं एकात, कडा पिवळ्या पडलेलं. आडनाव सांगितलं की सिस्टरचा हात बरोबर त्या कप्प्याकडे जातो.

बाकावर बसलं की तक्रारी आपोआप कानावर येतात. ‘डोस्क्यात मुंग्या चालल्यागत हुतंय.’ ‘छातीत धडधडतंय. कळशी उचलली की हात थरथरत्यात.’ ‘गॅस वर चढतोय बघा, हितनं हितपातूर.’ बोट बेंबीपाशी निघतं, घशाशी थांबतं. ‘अंग आंबल्यागत झालंय.’ ‘पोटात गोळा फिरतोय.’ शेजारीण मान हलवते आणि आपला गोळा कुठून कुठं फिरतो ते सांगते. ताप, जुलाब, विंचू चावलेला, पडून मनगट सुजलेला, सगळे त्याच कट्ट्यावर, एकाच रांगेत. मन बिघडलंय म्हणून बिल्ला घेतलेला माणूस या शेडखाली सापडणार नाही.

माझ्या शेजारी सदतीस नंबर. चाळिशीच्या अलीकडची बाई. मांडीवर साडीच्या दुकानाची पिशवी, पिशवीत कागद. कार्डिओग्राम, छातीचा फोटो, पोटाची सोनोग्राफी, घशातून नळी घालून केलेली तपासणी, थायरॉइड. तीन गावांतले, चार डॉक्टरांचे. कानातलं मोडून हे सगळं झालंय, असं शेजारी बसलेली थोरली जाऊ न विचारताच सांगते. ‘समदे म्हणत्यात नार्मल हाय,’ सदतीस नंबर म्हणते. ‘मग मला हुतंय ते काय हाय?’

पस्तीस नंबर आत जातो. त्याच्या पाठोपाठ मीही.

पडद्याच्या आत टेबल, पेशंटसाठी स्टूल, तपासायची कॉट, आणि कोपऱ्यात माझ्यासाठी प्लॅस्टिकची खुर्ची. ‘हे लिहिणारे आहेत, नाव लिहिणार नाहीत. बसले तर चालतील?’ असं डॉक्टर प्रत्येकाला विचारतात. बहुतेकांना चालतं. नाही म्हटलं की मी उठून बाहेर.

डॉक्टर साठीच्या पुढचे. अर्ध्या बाहीचा शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. हात थांबत नाही. जीभ, डोळ्याची खालची पापणी, नाडी, छाती, पाठ, चिठ्ठी. ‘तीन दिवसांनी दाखवा.’ पडदा हलतो, पुढचा आत. प्राथमिक दवाखान्यांत डॉक्टर एका पेशंटला किती वेळ देतात, याचा ६७ देशांचा आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं, बांगलादेशात मिनिटभरही नाही, आपल्याकडे साधारण दोन. इथल्या भिंतीवरच्या घड्याळाचा हिशेबही तेवढाच भरतो. खोकल्याला दोन मिनिटं पुरतात, हेही खरं. खरूज, पित्त, तापाची कणकण यांना तर त्याहून कमी लागतात.

सदतीस नंबर येते. पिशवी टेबलावर रिकामी होते. डॉक्टर एकही कागद बाजूला सारत नाहीत. एकेक उलटतात, तारीख बघतात, कार्डिओग्रामची पट्टी खिडकीच्या उजेडात धरतात. ‘हृदय चांगलं आहे.’

‘चांगलंच म्हणत्यात समदी,’ जाऊ म्हणते. ‘पर रातीची उठून बसती. आळीत म्हणत्यात बाहेरचं हाय. देवरुष्याकडं नेऊन आणलं दोनदा.’

डॉक्टर हसत नाहीत, रागावतही नाहीत. ‘बरं केलं. ताई, तुम्ही आता जरा बाहेर टेका. बीपी एकट्याचं घ्यायचं असतं.’

असा काही नियम नाही. बीपी अख्ख्या भावकीसमोर घेता येतं. पण जाऊ निमूट उठते.

पट्टा दंडाला बांधला जातो. पारा चढतो, उतरतो. १२० वर ७८. पट्टा मात्र सुटत नाही. डॉक्टर तो तसाच राहू देतात आणि विचारत जातात. जणू हेही बीपीतच येतं.

‘झोप?’

‘लागती. दोनला जाग येती. मग न्हाई.’

‘जेवण?’

‘गिळायचं म्हणून गिळायचं.’

‘मालिका बघता का रात्रीच्या?’

‘आधी बघत हुते.’

‘घरात कोण कोण?’

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळते. मालक पुण्याला कंपनीत. आधी महिन्याला यायचे, दिवाळीपासून तेही नाही. पोरगा नववीत. सासऱ्यांचं सगळं अंथरुणात. हे ती दंडावरच्या पट्ट्याकडे बघत सांगते, सावकाश, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं.

पडदा सरकतो. अडतीस नंबरचं डोकं. ‘डाक्टर, माझी गाडी हाय साडेबाराची...’

‘बसा. पाच मिनिटं.’

पडदा पडतो. पाचाची दहा होतात. बाहेर कुणीतरी मोठ्याने घसा खाकरतं. ही दहा मिनिटं डॉक्टरांच्या खिशातली नाहीत. बाहेरच्या पंचवीस माणसांकडून ती न विचारता काढून घेतलेली आहेत. त्यांनाही ते ठाऊक आहे, कारण कधीतरी त्यांच्यासाठीही कुणीतरी बाहेर ताटकळलेलं असतं. तरी खाकरणं चालूच राहतं.

‘सिस्टर, नऊ प्रश्न.’

ड्रेसिंगची खोली मागच्या बाजूला आहे. स्पिरिटचा वास, पांढऱ्या टाइल्स, दोन लोखंडी कॉट. एका कॉटवर सलाईन चालू आहे. सिस्टर दुसऱ्या कॉटवर बसते, शेजारी बाईला बसवते. तिच्या हातात घड्यांवर फाटत आलेला कागद. नऊ प्रश्नांची ही यादी २००१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली, साध्या दवाखान्यांत भराभर विचारता यावी अशी. ती वापरायला पैसे पडत नाहीत. गेल्या दोन आठवड्यांत असं किती झालं : अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, की जवळजवळ रोज. शून्य ते तीन गुण. सगळं भरलं तर २७. दहा झाले की डॉक्टरने खुर्ची पुढे ओढावी.

कागदावरची छापील भाषा सिस्टर वाचत नाही. दोन आठवडे म्हणजे ‘मागच्याच्या मागल्या बाजारापास्नं’. कामात रस वाटतो का, हे ती असं विचारते : ‘पाडव्याला पुरण घातलं का गं? मनानं घातलं, का घालायचं म्हणून?’ बाई पहिल्यांदाच थोडं हसते. ‘घातलंच न्हाई.’ सिस्टर तीन लिहिते. थकवा, तीन. झोप, तीन. भूक, दोन. आपणच कुचकामी आहोत असं वाटणं, इथं बाई बराच वेळ काही बोलत नाही, मग म्हणते, ‘सासरे वरडत्यात तवा वाटतं.’ एक. लक्ष न लागणं, एक. कॉटवर सलाईन घेणारी म्हातारी डोळे मिटून आहे, कान उघडे.

नववा प्रश्न सिस्टर आवाज न बदलता विचारते. ‘मरून जावं, असं येतं का मनात?’

हा प्रश्न विचारायला शिकलेसवरलेले डॉक्टरही कचरतात. विचारलं तर नसलेला विचार डोक्यात घातला जाईल, अशी धास्ती असते. तसं होत नाही, हे आता पुरेसं तपासून झालेलं आहे. उलट विचारलं की माणूस सुटल्यासारखा बोलतो.

‘कवाकवा येतं. पर पोरगा हाय.’

‘काय करायचं, असं ठरीवलं हाय का?’

‘न्हाई गं बाई.’

एक. बेरीज चौदा.

आकडा चिठ्ठीच्या कोपऱ्यात, वर्तुळात. डॉक्टर तो बघतात आणि खुर्ची खरोखरच पुढे ओढतात. ‘तुमच्या शेतात मोटार आहे ना विहिरीवर? व्होल्टेज कमी असलं की काय होतं?’

‘घुंघुं करती. पाणी येत न्हाई.’

‘मोटार जळलेली असते का?’

‘न्हाई.’

‘हे सगळे कागद मोटारीचे आहेत. मोटार चांगली आहे. व्होल्टेज कमी पडलंय. त्यामुळं धडधडतं ते खरं आहे, मुंग्या येतात त्या खऱ्या आहेत. तुम्ही सोंग करत नाही.’ शेवटचं वाक्य ते पुन्हा म्हणतात.

मग गोळी. पहिले आठ दिवस अर्धी, जेवणानंतर. सुरुवातीला मळमळेल, थोडं जास्तच अस्वस्थ वाटेल, त्याला घाबरायचं नाही, पण फार वाढलं तर लगेच यायचं. गुण यायला दोन ते चार आठवडे. बरं वाटलं म्हणून बंद करायची नाही. त्यानंतरही सहा-नऊ महिने. खालची पापणी फिकी आहे, म्हणून लोहाच्या गोळ्या वेगळ्या. रोज संध्याकाळी पाणंदीपर्यंत चालून यायचं, आणि जाताना सासऱ्यांजवळ पोराला बसवायचं. जाऊ परत आत येते, शेवटचं तेवढं ऐकते. ‘झोपंच्या गोळ्या न्हाईत न्हवं? सवं लागंल.’ ‘झोपेच्या नाहीत. सवय लागत नाही.’ हे उत्तर ते दिवसातून बऱ्याचदा देत असावेत, इतकं ते गुळगुळीत झालंय.

मी ड्रेसिंगच्या खोलीत परत येतो. म्हातारीचं सलाईन अजून अर्ध्यावर आहे. तिला सलाईनची गरज नाही. तिला ताप नाही, जुलाब नाहीत, ती पाणी पिऊ शकते. डॉक्टरांनी तसं सांगितलंही होतं. ‘लावा की वो, बरं वाटतंय त्येनं,’ असं तिने तीनदा म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. हे बरोबर नाही, असं माझं मत आहे. फुकटचा खर्च, टोचाटोची, आणि पुढच्या वेळी पुन्हा तोच हट्ट. पण तासभर इथं उभं राहिलं की आणखी एक गोष्ट दिसते. बाटली संपायला पाऊण तास लागतो. तेवढा वेळ तिला कुणी हाक मारत नाही. डोक्यावर पंखा आहे. सिस्टर पट्ट्या बांधता बांधता विचारते, ‘धाकट्याचं जमलं का वो?’ आणि म्हातारी छताकडे बघत सांगायला लागते. जमलेलं नाही. स्थळं येतात, शेती म्हटली की परत जातात. धाकटा कुणाशी बोलत नाही. मीठ-पाणी शिरेतून जातंय ते जातंय. डॉक्टरांना हे कळत असावं. विचारलं तर ते फक्त ‘हं’ म्हणतात.

दीड वाजतो. शेडचा पत्रा तापून कडकड आवाज करतो. कट्ट्यांवर आता जागा आहे, पण लोक उभे आहेत, कारण सिमेंटचा कट्टा बुडाला भाजतो. एक पोरगा डोकं धरून बसलाय. डॉक्टर व्हायचंय, दुसऱ्यांदा परीक्षा देतोय, चष्म्याचा नंबर तपासून झाला, डोकं थांबत नाही. एक बाळंतीण, दीड महिन्याचं मूल तिच्या आईच्या हातात. ती स्वतः मुलाकडे बघत नाही. सिस्टर तिचा बिल्ला गुपचूप वर सरकवते. मागून कुरकुर होते. ‘तान्हं हाय,’ सिस्टर म्हणते. कुरकुर थांबते.

देशभरातल्या १२ राज्यांत २०१५-१६ मध्ये मानसिक आरोग्याचं राष्ट्रीय सर्वेक्षण झालं. महाराष्ट्र त्या बारांत नव्हता. दर शंभर प्रौढांत दहा-अकरा जणांना त्या घडीला काही ना काही मानसिक आजार आढळला. उदासी, भीती, काळजी अशा नेहमीच्या दुखण्यांत शंभरातले ८५ जण उपचाराविना होते. ते आकडे घरोघरचे. दवाखान्याच्या बाकावर प्रमाण जास्तच असणार, कारण इथं माणूस येतो तोच काहीतरी दुखतंय म्हणून. आणि मानसोपचारतज्ज्ञ देशात लाखामागे एकसुद्धा नाही. या तालुक्यात जिल्ह्याची टीम येते ती ठरलेल्या वारी, सरकारी ग्रामीण रुग्णालयात. बाकीचे वार हे पडद्यामागचं स्टूल.

डॉक्टर शिकले तेव्हा मानसोपचाराच्या वॉर्डात त्यांचे दोन आठवडे गेले. ‘त्यातला एक सुट्ट्यांत,’ ते म्हणतात. पुढचं सगळं इथंच, या टेबलाशी.

बेचाळीस नंबर. सत्तरीचे आजोबा, टोपी, स्वच्छ धोतर. बीपी तपासायचंय. मागच्या आठवड्यात तपासलं होतं, त्याच्या आधीच्याही. डॉक्टर तपासतात. ‘मस्त आहे.’ आजोबा उठत नाहीत. ‘विहिरीला पाणी?’ ‘हाय थोडं.’ ‘म्हैस?’ ‘इकली.’ डॉक्टरांचं पेन थांबतं. त्यांची म्हातारी गेल्या श्रावणात गेली, तिचा दमा याच पाकिटात आहे. म्हैस तिची होती. ‘कधी विकली?’ पुढची पाच मिनिटं म्हशीवर जातात. चिठ्ठीवर नवीन औषध काहीच नाही. पुढच्या बाजाराची तारीख तेवढी.

गोव्यातला एक अभ्यास मला इथं आठवतो. तो २०१० साली प्रसिद्ध झाला. दवाखाने २४, निम्मे सरकारी, निम्मे खासगी फॅमिली डॉक्टरांचे. उदासी आणि चिंतेचे २,७९६ रुग्ण. निम्म्या ठिकाणी डॉक्टर नसलेली, पण शिकवून तयार केलेली स्थानिक समुपदेशक बसवली. सहा महिन्यांनी सरकारी दवाखान्यांत फरक ठळक होता. समुपदेशक होती तिथं ६५.९ टक्के बरे झाले, नव्हती तिथं ४२.५. खासगी दवाखान्यांत मात्र समुपदेशक असो वा नसो, दोन्हीकडे आकडा ६५ च्या आसपासच. हे वाचलं तेव्हा मला कोड्यात पडल्यासारखं झालं होतं. म्हशीची पाच मिनिटं बघितल्यावर कोडं तितकं अवघड वाटत नाही. अर्थात प्रत्येक खासगी दवाखान्यात म्हशीची चौकशी होते, असं समजायचं कारण नाही. याच गल्लीत पुढे दोन दवाखाने आहेत, तिथली रांग यापेक्षा भराभर सरकते.

बिल्ले संपत आलेत. शेवटी दोघे भाऊ. थोरला पुढे, धाकटा मागे, खाली मान. धाकट्याचं वय तिशीच्या आत. हात कापतायत. कपड्यांना दारूचा शिळा वास. ‘चार दिवस झालं प्याला न्हाई,’ थोरला म्हणतो. ‘बोलतोय काय काय. मी ऱ्हात न्हाई म्हणतोय.’ द्राक्षबाग गेली, सोसायटीचं कर्ज, बायको माहेरी. थोरला हे एका दमात सांगून टाकतो आणि दाराकडे बघतो. डॉक्टर मला मानेने खुणावतात. मी आणि थोरला पडद्याबाहेर.

बाहेर आलो तरी पडदा म्हणजे पडदाच. डॉक्टर पंख्याचं बटण पाचावर नेतात, आवाजाने बोलणं झाकावं म्हणून. तुटक ऐकू येतं. धाकटा बराच वेळ बोलतो. मग डॉक्टर थोरल्याला आत बोलावतात, आणि त्यांचा आवाज पंख्याच्या वर चढतो.

‘फवारणीचं औषध कुठं असतं?’

‘पडवीत. खुंटीला.’

‘आज घरी गेल्यावर पहिलं काम. सगळे डबे, बाटल्या, तणनाशकसुद्धा. घरात नको, गोठ्यात नको. पेटीत घालून कुलूप, किल्ली तुमच्या करगोट्याला. नाहीतर चुलत्याच्या घरी नेऊन ठेवा. आणि पंधरा दिवस हा एकटा झोपायचा नाही.’

राज्यात २०२२ या एका वर्षात २२,७४६ आत्महत्यांची नोंद आहे, देशात सर्वांत जास्त. त्या आकड्यापुढे करगोट्याची किल्ली फार लहान दिसते. पण त्या घडीला हाताशी बाटली नसली तर ती घडी पुष्कळदा टळते, एवढं नक्की माहीत झालेलं आहे.

‘पोलीस केस हुईल का वो ह्यात?’ थोरला विचारतो.

‘केस कसली? २०१७ चा कायदा आहे. उद्या काही झालंच, तरी माणूस मोठ्या ताणाखाली होता असंच धरतात. शिक्षा नाही, उपचार.’

‘मग येरवड्याला येड्यांच्या दवाखान्यात न्यावं लागंल?’

‘येरवडा नाही. परवा सरकारी दवाखान्यात साहेब येतात मनाचे. मी आत्ता फोन करतो. दारू अचानक सोडली की फिटही येते, म्हणून तोवर या गोळ्या, मोजून, तुमच्या हाताने. भास व्हायला लागले, फिट आली, तर परवाची वाट बघायची नाही, तडक ॲडमिट. परवा तुम्ही स्वतः न्यायचं. पोराबरोबर धाडायचं नाही.’

फोन लागतो. तिकडे एंगेज. पुन्हा लावतात. धाकटा आता बाकावर माझ्या शेजारी येऊन बसलाय. सिस्टर त्याला पाणी देते आणि एका कागदावर मोठ्या आकड्यांत १४४१६ लिहून देते. मनाच्या दुखण्यांसाठीची ही सरकारी फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. चोवीस तास, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात. ‘रातचं काय वाटलं तर दादाला उठवा,’ सिस्टर म्हणते. ‘दादा उठला न्हाई तर हितं लावा.’ तो कागदाची बारीक घडी करून मोबाइलच्या कव्हरमध्ये घालतो. आतून डॉक्टरांचं ‘हां, नमस्कार साहेब’ ऐकू येतं.

मेडिकल शेजारीच आहे. शटर अर्धं खाली, जेवणाची वेळ. काउंटरवर एक चिठ्ठी नसलेला गृहस्थ. ‘ती गुलाबी द्या, झोपेची. दोनच.’ मालक मान हलवतो. ‘चिठ्ठी आणा.’ ‘मागं दिली हुती की.’ ‘मागं दिली नाही मी.’ काउंटरखाली जाड वही आहे. झोपेच्या आणि घबराटीच्या अशा काही सवयीच्या गोळ्यांसाठी २०१४ पासून वेगळी वही ठेवावी लागते. पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, किती दिल्या. आणि वही तीन वर्षं जपायची. गृहस्थ पुटपुटत निघून जातो, स्टँडच्या दिशेने. तिकडे आणखी तीन मेडिकल आहेत.

सदतीस नंबर आणि जाऊ अजून इथंच आहेत. बाजार करून परत आल्यात, पिशवीतून मेथी डोकावतेय. बाई चिठ्ठी पुढे करते. ‘पाच दिसाच्या द्या.’

मालक कात्री उचलतो, चिठ्ठी बघतो, कात्री खाली ठेवतो. ‘डॉक्टरांनी पंधरा लिहिल्यात.’

‘पाचाच्या घेते. गुण आला तर परत येते की.’

‘पाच दिवसांत गुण येत नसतो ह्याचा, आक्का. पाच दिवसांत नुसती मळमळ होईल, मग तू सोडशील, मग म्हणशील गोळी वाईट.’ हे डॉक्टरांचंच बोलणं, त्याने ऐकून ऐकून पाठ केलेलं. ‘ने पंधराच्या. राहिलेलं बाजाराला दे.’ तो उधारीची वही ओढतो. ती वेगळी, लाल कापडी.

बाई नोटा मोजते. एसटीचे बाजूला काढते, पोराच्या वहीचे बाजूला काढते, उरलेले काउंटरवर ठेवते. मालक गोळ्यांच्या पाकिटावर पेनाने अर्धा चंद्र काढतो, अर्ध्या गोळीची खूण म्हणून, आणि खाली ‘जेवल्यावर’ असं लिहितो. ती पाकीट कंबरेच्या पिशवीत घालते. रिपोर्टांची मोठी पिशवी जाऊच्या हातात.

दोघी उन्हात उतरतात. स्टँडवर गाडी लागल्याची घोषणा होते आहे, कुठली ते कळत नाही. जाऊ पदर डोक्यावर ओढत विचारते, ‘एवढा वेळ काय म्हणत हुते गं डाक्टर?’

‘व्होल्टेज कमी हाय म्हणाले.’

जाऊ चालता चालता थांबते. ‘मग सलाईन तरी लावायची हुती.’